चांदीची वाटी आणि केसांतलं तेल
विजेचा देह : लेखांक ७

“आजी, सांगितलं होतं न्हवं, तेल लावून येऊ नका म्हणून?”
“डोकं धुतलंय की रं बाळा. नुसतं बोट पुसलंय तेलाचं.”

कोल्हापुरातल्या ईईजीच्या, म्हणजे मेंदूच्या विजेचा आलेख काढायच्या खोलीत असा संवाद ऐकू येतो आणि तंत्रज्ञ मुकाट्याने कापूस-स्पिरिट हातात घेतो. त्या बोटभर तेलाला एवढं का भ्यायचं?

मागच्या लेखात पाहिलेला हृदयाचा संकेत छातीवर साधारण एक मिलिव्होल्टचा असतो. मेंदूचा संकेत कवटी ओलांडून टाळूवर येईपर्यंत त्यातले १० ते १०० मायक्रोव्होल्ट उरतात. घड्याळातला सेल दीड व्होल्टचा, म्हणजे १५ लाख मायक्रोव्होल्टचा! ही कुजबुज १९२४ मध्ये जर्मनीतल्या येना गावी हान्स बर्गर यांनी पहिल्यांदा माणसाच्या डोक्यावरून टिपली. तेव्हापासून यंत्रं कुठल्या कुठे गेली. अडतं ते अजून धातू आणि कातडीच्या सांध्यावर.

त्या सांध्यावर बसते चांदीची चिमुकली वाटी, म्हणजेच इलेक्ट्रोड. चांदीचं कौतुक आपल्याला हुपरीच्या पैंजणांमुळे ठाऊक. पण पैंजण लखलखीत हवं, ही वाटी मात्र मुद्दाम मळवतात. मिठाच्या पाण्यात बुडवून बॅटरीच्या धन टोकाला जोडली की तिच्यावर सिल्व्हर क्लोराइडचा करडा थर चढतो. (पैंजण काळं पडतं ते गंधकामुळे, तो थर निराळा.) तारेत वीज वाहतात इलेक्ट्रॉन, शरीरात क्षारांचे आयन. नुसत्या धातूपाशी या दोघांचा व्यवहार अडतो, भार साचतो आणि आलेखाची रेघ भरकटते. क्लोराइडचा थर मधल्या अडत्याचं काम करतो.

आता आजींचं डोकं. नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत टेप : ३६ सेंटिमीटर. त्याचे १० टक्के ३.६, २० टक्के ७.२, त्या अंतरांवर पेन्सिलीच्या खुणा. हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ मध्ये मांडलेली ही ‘दहा-वीस’ पद्धत. मग भांग पाडायचा, कातडी हलकेच घासायची, खारट पेस्ट भरून वाटी दाबायची. रोध ५ किलोओहमच्या खाली आला की जमलं. तेल राहिलं तर रोध चढतो आणि घरच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण मेंदूच्या रेघेवर स्वार होते.

पेस्टही तासांगणिक सुकते. म्हणून कंगव्यासारख्या दातांचे कोरडे इलेक्ट्रोड आले. त्यांचा रोध जास्त, म्हणून काहींच्या पाठीवरच चिमुकला अ‍ॅम्प्लिफायर बसवतात. कार्नेगी मेलन विद्यापीठात २०२० मध्ये दाट कुरळ्या केसांच्या वेण्यांखाली अडकणारे इलेक्ट्रोड झाले. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये वीजवाहक शाई थेट टाळूवर फवारली. तो गोंदणासारखा थर २४ तास टिकला, मात्र बारीक कापलेल्या केसांत.

आजींचा अंबाडा या शाईला अजून दाद देणार नाही. तोवर सांधा सुधारण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय किराणा दुकानाच्या दारात लटकतोय : शाम्पूची पुडी.

(पुढच्या आठवड्यात : झोपेच्या रेघा)