जुन्या ट्रॅक्टरचे हीटर आणि रेडिएटर : हंगामापूर्वीची निगा



मोळी टाकण्याचा दिवस जवळ आला की आपण तोडणीच्या टोळ्यांची, उचलीची आणि ट्रॉलीच्या टायरांची काळजी करतो. ट्रॅक्टर मात्र गेल्या हंगामात चालला म्हणून यंदाही चालेल असे गृहीत धरतो. नव्या यंत्राला हे खपून जाते, जुन्याला नाही. महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास यांनी मिळून १९६३ साली काढलेल्या कंपनीचा बी-२७५ आजोबांकडून नातवाकडे आलेला असतो आणि नातू त्यालाच ट्रॉली जोडतो. असली यंत्रे ऐन हंगामात बहुधा दोन तऱ्हांनी दगा देतात. पहाटे चालू होत नाहीत, नाहीतर दुपारी तापतात.

यात नुकसान नुसते यंत्राचे नाही. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांत गाळपाला गेला पाहिजे. भरलेली ट्रॉली रस्त्याकडेला अडकली की ऊस वाळतो आणि सभासदाचे वजन घटते. उसातील साखरेचे विघटन होते आणि उतारा घटतो, तो मात्र सगळ्यांचाच.

पहाटेचा पेट

डिझेल इंजिनाला ठिणगीचा प्लग नसतो. पिस्टनने हवा दाबली की ती इतकी तापते की नोझलमधून आलेले डिझेल आपोआप पेटते. थंडीत लोखंड गार असते, इंजिन जड फिरते आणि हवा पुरेशी तापत नाही. म्हणून कित्येक इंजिनांत हीटर प्लग दिलेले असतात. इंजिन पेट घेत नसेल तर तीन गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

पहिली बॅटरी. खांबांवरचा पांढरा-हिरवा थर कोमट पाण्याने धुवावा, तारा घट्ट करून वर ग्रीस लावावे. इंजिनाला येणारी अर्थची तार गंजलेली असली तर चांगली बॅटरीही मेल्यासारखी वागते. काढताना अर्थची तार आधी आणि जोडताना शेवटी, हा नियम पाळावा. काही जुन्या विलायती यंत्रांत धन खांब अर्थला असतो. तेव्हा बदलण्यापूर्वी खूण करून ठेवावी.

दुसरी गोष्ट हीटर. जुन्या पद्धतीत हे प्लग एकामागे एक जोडलेले असतात. त्यातला एक जळला की चारही बंद. सगळे बदलण्याआधी मिस्त्रीकडून एकेक तपासून घ्यावा.

तिसरी गोष्ट डिझेलमध्ये शिरलेली हवा. फिल्टर बदलला किंवा टाकी कोरडी पडली तर हवा काढल्याशिवाय पेट नाही. सेल्फ मारताना धुरांड्यातून पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचते आहे पण पेटत नाही, असे समजावे. धूरच नसेल तर डिझेलच पोचत नाही.

एखाद्याकडे १९४६ ते १९५६ या काळात कोव्हेंट्रीत तयार झालेला पेट्रोलवरचा टीई-२० फर्ग्युसन असेल तर गोष्ट निराळी. तिथे डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट, कंडेन्सर, प्लग आणि टोपीतील ओल पाहावी. प्लगच्या तारा काढण्याआधी क्रमांक घालावेत.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. बटण चालत नाही म्हणून खाली उभे राहून सेल्फच्या दोन बोल्टांवर पाना टेकवून इंजिन चालू करू नका. यंत्र गिअरमध्ये राहिले असेल तर ते जागचे उसळते आणि मागचे चाक थेट अंगावर येते. पळायला वेळ मिळत नाही. शंभर-दोनशे रुपयांच्या बटणासाठी घरातला माणूस पणाला लावण्याइतकी घाई कोणत्याच खेपेला नसते. तसेच हीटर लावलेल्या इंजिनात ईथरचा फवारा मारू नये, आतच भडका उडतो.

दुपारचा ताप

फडातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या जाळीवर पाचटाचा भुसा व धूळ बसते. पंखा हवा समोरून आत ओढतो, म्हणून कचरा पुढच्या अंगाला अडकतो. तो इंजिनाच्या बाजूने पुढे हवा मारून काढावा. समोरून मारली तर कचरा आणखी आत बसतो. पट्ट्या नाजूक असतात, हवेचा जोर बेताचा ठेवावा. हंगामात हे रोजचे काम समजावे.

दुसरे, पाणी. आपल्या विहिरी-बोअरचे पाणी क्षाराचे. चहाच्या पातेल्यात बसतो तसा थर इंजिनातही बसतो आणि उष्णता बाहेर पडू देत नाही. पावसाळ्यात पन्हळीचे स्वच्छ पाणी कॅनमध्ये साठवावे, किंवा तयार कूलंट वापरावे. कूलंट चवीला गोड पण विषारी असते. काढलेले कूलंट कुत्र्या-वासरांच्या तोंडी लागेल असे ठेवू नये.

फॅनचा पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला असता साधारण अर्धा ते पाऊण इंच दबावा. थर्मोस्टॅट काढून फेकण्याची सवय वाईट. त्याने इंजिन नीट गरम होत नाही, डिझेल जास्त जाते आणि झीज वाढते.

काटा लाल खुणेवर गेला तर भार उतरवून इंजिन थोडा वेळ मंद चालवावे. पाणी गळाले असेल किंवा पट्टा तुटला असेल तर ताबडतोब बंद करावे. तापलेले झाकण उघडू नये, वाफ तोंडावर येते. तापल्या इंजिनात गार पाणी ओतले तर हेड तडकते. इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, किंवा ऑइल ताकासारखे दिसत असेल, तर हेड गॅसकिट गेले समजून यंत्र चालवू नये.

खंडेनवमीला आपण यंत्राला हळद-कुंकू लावतो, हार घालतो. त्याच दिवशी बॅटरीच्या तारा, हीटर, पट्टा आणि जाळी एवढे चार ठिकाणी पाहून घ्या. अर्ध्या दिवसाचे काम आहे, आणि त्या दिवशी मिस्त्रीही मोकळा सापडतो. तोडणी सुरू झाल्यावर तो सापडत नाही.

— ऊस विकास अधिकारी