कुंपण माणूस खातं तेव्हा

रानडुकरांनी एका रात्रीत मका लोळवला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. मग कुणीतरी खांबावर आकडा टाकून कुंपणाच्या तारेत थेट करंट सोडतो. एखाद्या रात्री त्या तारेला डुक्कर चिकटतं, एखाद्या रात्री शेजारचा माणूस. ‘तो माझ्या शेतात आलाच कशाला?’ असं मालक विचारतो.

अंगावर हात टाकणं, डांबून ठेवणं, दुसऱ्याच्या जागेत घुसणं, अशा जाणूनबुजून केलेल्या आगळिकीला कायदा हेतुपुरस्सर अपकृत्य म्हणतो. तिची भरपाई दिवाणी कोर्टात मागता येते. आपल्याकडे याची एकत्रित संहिता नाही. हा कायदा मुख्यतः इंग्रजी निवाड्यांतून आला. प्रतिवादीपाशी काही बचाव असतात: समोरच्याची संमती होती, स्वतःचा जीव वाचवायचा होता, मोठं नुकसान टाळायची निकड होती, मालमत्ता राखायची होती. यातला शेवटचा सगळ्यांत तोकडा.

इंग्लंडमध्ये एकाने ट्यूलिपच्या बागेत तारेला बांधलेली बंदूक लपवली, पाटी मात्र लावली नाही. भरकटलेली लांडोर पकडायला भिंत ओलांडलेला तरुण जखमी झाला. 1828 मध्ये कोर्टाने निकाल त्या तरुणाच्या बाजूने दिला.

तो निदान चोर नव्हता. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मात्र ओसाड घरातल्या जुन्या बरण्या चोरायला शिरलेल्याचा पाय अशाच बंदुकीने जायबंदी झाला. चोरीचा गुन्हा त्याने कबूल केला, दंडही भरला. तरी 1971 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला मिळालेली 30,000 डॉलरची भरपाई कायम केली. मालक स्वतः हजर असता, तर बरण्यांसाठी त्याला गोळी घालता आली नसती. मग ते काम बंदुकीवर सोपवताही येत नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे 1963 मध्ये बिहारचं प्रकरण आलं, तेही फौजदारी. शेजारी आपला संडास वापरतात म्हणून एकाने तिथे उघडी विजेची तार लावली. एक बाई दगावली. ती परवानगीशिवाय आली होती, हा बचाव टिकला नाही. शिक्षा कायम राहिली. आजच्या भारतीय न्याय संहितेचं कलम 37 हेच सांगतं: बचावापुरती लागेल त्याहून जास्त इजा करण्याचा हक्क कुणालाच नाही.

तेव्हा आकडा काढा. प्रमाणित झटका मशीन बसवा, ठळक पाटी लावा. डुकरांनी पीक खाल्लंच, तर वनखात्याकडून पंचनामा करून घ्या. त्या नुकसानीची भरपाई राज्य सरकार देतं.