गाणे का वाजत नाही?

समजा, शाळेतील जुन्या संगणकावर लिनक्स बसवले आणि तुम्ही एका गाण्यावर टिचकी मारली. गाणे वाजलेच नाही! 'कोडेक नाही' अशी सूचना तेवढी पडद्यावर उमटली. नवशिका येथेच कंटाळतो आणि "नको ते लिनक्स!" म्हणून मोकळा होतो. वस्तुतः यंत्र धडधाकट असते. मग अडते कोठे?

थोडे गणित करू. सीडीवर ध्वनी नोंदताना दर सेकंदाला ४४,१०० वेळा त्याचे मापन करतात. प्रत्येक मापनाला १६ बिट, आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या. म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट! पाच मिनिटांच्या गाण्याला सुमारे ५ कोटी २९ लाख बाइट लागतात. तेच गाणे एमपी-३ पद्धतीने, सेकंदाला १,२८,००० बिट या दराने, ४८ लाख बाइटांत मावते. ही किमया कानाच्या एका उणिवेवर आधारलेली आहे. मोठा स्वर चालू असता त्याच्या जवळच्या कंप्रतेचा बारीक स्वर आपल्याला जाणवतच नाही. मग तो साठवायचा कशाला? अशा रीतीने आवळलेला ध्वनी पुन्हा उलगडून देणारी आज्ञावली म्हणजे कोडेक.

या पद्धतीच्या विकासात जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेचा मोठा वाटा होता, आणि तिच्यावर पेटंटे होती. लिनक्स तर कोणीही प्रत काढून वाटावे असे. प्रत्येक प्रतीमागे स्वामित्वधन कोण भरणार? म्हणून फेडोरासारख्या वितरणांनी एमपी-३ चक्क वगळले होते. एप्रिल २०१७ मध्ये फ्राउनहोफरची परवाना-योजना संपली आणि गाण्यांचा प्रश्न सुटला. एचईव्हीसीसारख्या चित्रफितींच्या पद्धतींवर मात्र अजून पेटंटे आहेत.

दुसरी अडचण आज्ञावली बसवण्याची. आपल्या सोलापुरात चादर विणायची तर रंगवलेले सूत हवे, कांड्या भरलेल्या हव्यात, जकार्डचे भोकांचे पुठ्ठे हवेत. एक वस्तू कमी पडली की माग बंद! आज्ञावल्यांचेही असेच परस्परावलंबन असते. पूर्वी प्रत्येक सुटा भाग आपणच शोधून आणावा लागे. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पाने यावर 'एपीटी' हे साधन काढले. १९९९ च्या आवृत्तीपासून ते सर्वांच्या हाती आले. तुम्ही फक्त नाव सांगायचे. लागणारे सगळे भाग ते भांडारातून स्वतःच आणते. उबंटूने २००९ मध्ये यासाठी चित्रमय दुकानच मांडले. (भांडारातील माल तपासलेला असतो, भलत्या ठिकाणचा आणू नये.) पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये आरंभलेला 'व्हीएलसी' या भांडारातून घेतला, की बहुतेक कोडेक त्याच्याबरोबरच येतात. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे हे धडे मराठीतूनही आहेत.

आता एक प्रयोग करा. एखाद्या एमपी-३ गाण्याचे बाइट पाहा, त्यांना ८ ने गुणा आणि गाण्याच्या सेकंदांनी भागा. येणारा आकडा १४,११,२०० च्या कितवा भाग आहे?