मैदानावरून न्यायासनावर : ॲलन पेज

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा आणि आपली चळवळ यांचे नाते जुने आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी डू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या युनोकडील निवेदनाची प्रत मागितली होती. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती ब्लॅक पँथरकडे पाहूनच. पण त्याच समाजातील ॲलन पेज हे नाव आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही. आपल्या तरुणांनी, विशेषतः वकिली शिकणाऱ्यांनी, ते ठाऊक करून घेतले पाहिजे.

पेज यांचा जन्म १९४५ चा, ओहायो राज्यातील कँटन या पोलाद कारखान्यांच्या गावचा. ते आठ वर्षांचे असताना, १९५४ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. वकील होण्याचे स्वप्न त्यांनी लहानपणीच पाहिले. पण आधी नाव झाले ते खेळात.

अमेरिकन फुटबॉल आपल्या फुटबॉलहून वेगळा. चेंडू हातात घेऊन समोरच्याच्या अंगावर धावून जाण्याचा हा धसमुसळा खेळ आहे. कौतुक होते ते चेंडू फेकणाऱ्याचे आणि पळवणाऱ्याचे. पेज मात्र १९६७ पासून मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाच्या बचाव फळीत होते. समोरची माणसांची भिंत फोडायची आणि चेंडू सुटण्याआधीच फेकणाऱ्याला आडवे करायचे, हे त्यांचे काम. ते त्यांनी असे केले की १९७१ मध्ये साऱ्या लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचा मान प्रथमच एका बचावपटूला द्यावा लागला. संघ चार वेळा सुपर बाऊलच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि चारही वेळा हरला. पेज यांचा दबदबा त्याने कमी झाला नाही.

खेळता खेळताच त्यांनी खेळाडूंच्या युनियनचे काम केले आणि मिनेसोटा विद्यापीठातून १९७८ मध्ये कायद्याची पदवी मिळवली. त्याच वर्षी व्हायकिंग्जने त्यांना काढले. शिकागोकडून १९८१ पर्यंत खेळून ते पूर्णपणे वकिलीकडे वळले.

खरी झुंज पुढेच होती. मिनेसोटात न्यायाधीश मतदारांनी निवडायचे असतात. १९९२ मध्ये राज्यपालांनी निवृत्तिवेतनविषयक तरतुदीचा आधार घेऊन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील एका न्यायमूर्तींची मुदत वाढवली आणि त्या जागेची निवडणूकच टळली. पेज न्यायालयात गेले. प्रश्न त्याच न्यायालयाच्या जागेचा होता; म्हणून तेथील न्यायमूर्ती बाजूला झाले आणि त्यांच्या जागी बसवलेल्या न्यायाधीशांनी सुनावणी केली. निकाल पेज यांच्या बाजूने लागला, निवडणूक झाली आणि ते जिंकले. १९९३ मध्ये त्या न्यायासनावर पहिला कृष्णवर्णीय न्यायमूर्ती बसला. सत्तराव्या वर्षी, २०१५ मध्ये, निवृत्त होईपर्यंत मतदारांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिले. ती खुर्ची कुणाच्या मेहेरबानीची नव्हती, कायद्याने मिळवलेली होती!

१९८८ मध्ये खेळातला सर्वोच्च सन्मान मिळाला, तेव्हा आपली ओळख करून देण्यासाठी पेज यांनी एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला बोलावले. त्याच वर्षी त्यांनी शिष्यवृत्तीसाठी संस्था काढली. तिची अट अशी की, शिष्यवृत्ती घेणाऱ्याने आपल्यामागच्या लहान मुलांना शिकवायचे. २०१७ मध्ये मिनियापोलिसच्या एका शाळेला विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने पेज यांचे नाव मिळाले. आधीचे नाव होते अलेक्झांडर रॅम्सी यांचे. १८६२ मध्ये डकोटा आदिवासींना नष्ट करा किंवा हाकलून द्या, असे म्हणणारे हे गव्हर्नर. नामांतराचा लढा पाहिलेल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

१९५६ मध्ये आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल खंत व्यक्त केली होती. नोकरी, बंगला, गाडी मिळाली की वस्तीकडे पाठ फिरवणारे आजही कमी नाहीत. अशा प्रत्येकाने पेज यांची ती अट स्वतःला लावून पाहावी. माझ्या शिक्षणातून किती मुलांचे शिक्षण उभे राहिले? याचे उत्तर देता आले, तरच बाबासाहेबांचे नाव घेण्याचा आपल्याला अधिकार आहे.