ऊन लागणे

वैशाखात चंद्रपूर, अकोला, जळगाव या भागांत पारा ४५ अंशांच्या वर जातो. तरी कामे थांबत नाहीत. धसकटे वेचायची असतात, विहीर खोदायची असते, वीटभट्टी चालू असते. उन्हात जाऊ नका असे सांगणे सोपे. पण ज्याचे हातावर पोट, त्याने खावे काय? म्हणून काम करायचे ते कसे, हे पाहू.

आपले अंग सुमारे ३७ अंश गरम असते. काम केले की ही उष्णता वाढते, आणि मग घाम येतो. माठातले पाणी गार कसे होते? माठ पाझरतो, पाझर वाळतो, आतले पाणी निवते. घामाचेही तसेच. पण माठ रिकामा असेल तर पाझरणार काय? म्हणून तहानेची वाट पाहू नका. दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्या. भाकरीबरोबर मीठ घातलेले ताक असले तर फारच चांगले. जड काम सकाळी लवकर उरका. दुपारी बारा ते तीन सावली धरा.

कोकणात पारा इतका चढत नाही, पण दमट हवेत घाम वाळत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर समारंभ होता. उघड्यावर नुसती बसलेली दहाहून जास्त माणसे ऊन लागून दगावली.

कामावर नवा आलेला गडी आधी सांभाळा. अंगाला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी त्याला पुरे काम देऊ नये. हे मुकादमाला ठणकावून सांगा.

आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते, पोटऱ्यांत गोळे येतात. एवढ्यावरच सावलीत बसावे. लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते घोट घोट प्यावे.

पण माणूस भलतेच बडबडू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर ते फार वाईट लक्षण. लोक म्हणतात, “याला चढली आहे.” कोणी म्हणते, “बाहेरचे झाले.” मग त्याला तसाच पडू देतात, नाहीतर भगताकडे नेतात. तेवढ्यात माणूस हातचा जातो! अंगात ताप ४० अंशांवर गेला, की मेंदू असा बिघडतो. घाम येत असला तरीही ते ऊन लागलेलेच असू शकते.

अशा वेळी एकाने १०८ नंबरला फोन करावा. बाकीच्यांनी त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावे, डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओतावे आणि जोराने वारा घालावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनळीत जाते. तापाची गोळी इथे चालत नाही. कांदा खाण्यास उत्तम, पण खिशात ठेवून किंवा नाकाला लावून हा ताप उतरत नाही.

गाडी येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नका. दवाखान्याच्या वाटेवरही अंग ओले ठेवा आणि वारा घालीत राहा.