कोलू पाटलाची पाळ

गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडला रेल्वे आहे आणि मुंबई-कोलकाता महामार्गही आहे. त्यामुळे रविवार मोकळा मिळाला की इथून नागझिऱ्याला किंवा नवेगावबांधला जाणं सोपं. बहुतेक लोक वाघासाठी जातात. माझं म्हणणं, नवेगावला जाल तर आधी तलावाच्या पाळीवर जा.

सात बहिणी नावाच्या डोंगररांगेतल्या खिंडी मातीच्या पाळींनी अडवून हा तलाव झाला. पसारा सुमारे ११ चौरस किलोमीटर. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असं परंपरा सांगते. पाळ बांधताना या साती बहिणींनी हात लावला, असंही म्हणतात. पुढे लोकांनी कोलू पाटलालाच देव केलं. पाळीवर कोलासुराचं ठाणं आहे. ज्याने पाणी अडवलं त्याला हात जोडणारं गाव मला फार मोठं वाटतं.

कोहळी मूळचे काशीकडचे. तलाव बांधायला गोंड राजांनी त्यांना इकडे आणलं, ही या समाजाची आठवण. जमिनीचा उतार ओळखण्यात आणि ऊस पिकवण्यात त्यांचा हातखंडा. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर मिळून असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. वरच्या तलावाचं जास्तीचं पाणी खालच्या तलावात, तिथून बोडीत म्हणजे लहान तळ्यात आणि मग धानाच्या बांध्यांत उतरतं. पाणी सोडायला तुडूम असे: पाळीच्या आतल्या अंगाला एकाखाली एक भोकं आणि त्यांना बुचं. पातळी उतरेल तसं खालचं बूच काढायचं. रोवणा म्हणजे लावणी झाल्यावर पावसाने ताण दिला की याच पाण्यावर धान तगे.

नवेगावचा तलाव झाला त्याच अठराव्या शतकात स्पॅनिश पाद्री टेक्सासात सॅन अँटोनिओ नदीकाठी मिशनं उभारत होते. तिथेही चर्चच्या जोडीने पाट खोदले गेले. एस्पाडा मिशनचा दगडी जलसेतू आजही पाणी वाहतो, आणि २०१५ मध्ये ही मिशनं जागतिक वारसा ठरली. सुटीच्या दिवशी लोक ती बघायला जातात. आमच्या या मामा तलावांना तो मान अजून मिळायचा आहे, आणि तो त्यांचा हक्क आहे असं मी मानतो.

मामा म्हणजे माजी मालगुजारी. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले. मोठे पाटबंधारे विभागाकडे, लहान जिल्हा परिषदेकडे. जमीनदारी संपली हे योग्यच झालं. पण पाळ कुणी दुरुस्त करायची, गाळ कुणी काढायचा, आधी कुणाच्या बांधीत पाणी, हे ठरवणारी गावची घडीही त्याबरोबर विस्कटली. गाळ साचला, बेशरम नावाच्या झुडपाने काठ व्यापले, गावठी मासे कमी झाले. सर्वांत मोठा फटका बसला मासेमारी करणाऱ्या ढिवरांना. त्यांच्याकडे शेत नसतं, तलाव हेच शेत.

नवेगावचं नशीब थोडं वेगळं. इथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि वनाधिकारी म्हणून मारुती चितमपल्ली राहिले. तलावावर उतरणारे पक्षी त्यांच्या लेखणीने मराठी घरांत पोचले. बाकीच्या तलावांना असा लेखक लाभला नाही.

अशा तलावांसाठी अर्जुनी मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ढिवरांसोबत काम करतं. आधी बेशरम उपटायची, उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ नांगरायचा, मग पावसाळ्यात तिथे स्थानिक पाणवनस्पती लावायच्या. कोणत्या वनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो, हे ढिवरांना ठाऊक असतं, आणि लागवड त्या हिशेबाने होते. या कामात बायका पुढे आहेत.