विमान वळतं ते पंखांच्या जोरावर

विमानाच्या शेपटीवरचं उभं पातं पाहिलं की होडीचं सुकाणू आठवतं, आणि विमान वळवायचं कामही तेच करत असणार असं वाटतं. प्रत्यक्षात तसं नाही. एअरबस ए३२० सारख्या प्रवासी विमानाला वळवतात ते पंख. शेपटीवरचं पातं, म्हणजे रडर, फक्त सावरून धरतं.

हे कसं, ते पंखापासूनच पाहू. पंख समोरून येणाऱ्या हवेला खाली वळवतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून हवा पंखाला वर ढकलते. पंखाची मागची कड खाली झुकवली की हवा आणखी खाली वळते आणि उचलणारा जोर वाढतो. कड वर केली की तो घटतो. एलेरॉन, एलिव्हेटर आणि रडर ही तिन्ही मुख्य पाती याच तत्त्वावर चालतात. प्रश्न एवढाच, की जोर कुठे आणि कोणत्या दिशेला बदलायचा.

उजवीकडे वळायचं आहे असं धरू. पंखांच्या टोकांजवळ, मागच्या कडेला एलेरॉन असतात. वैमानिकाने दांडी उजवीकडे कलवली की डावा एलेरॉन खाली जातो, उजवा वर येतो. त्यामुळे डावा पंख उचलला जातो, उजवा खाली जातो आणि विमान उजवीकडे कलतं. हवा तेवढा कल मिळाला की एलेरॉन परत जागेवर येतात. आता पंखांचा जोर सरळ वर नाही, तिरका आहे. त्याचा उभा भाग वजन पेलतो आणि आडवा भाग विमानाला उजवीकडे ओढतो. या आडव्या ओढीनेच विमान वळतं.

पण हे वळण फुकट मिळत नाही. जोराचा काही भाग आडवा खर्ची पडला की वजन पेलायला तो अपुरा पडतो. ३० अंश कललेल्या विमानाला उंची टिकवायची असेल तर पंखांचा एकूण जोर सुमारे १५ टक्क्यांनी वाढवावा लागतो. इथे एलिव्हेटर कामाला येतो. तो शेपटीच्या आडव्या पंखाच्या मागच्या कडेला असतो. तो वर झाला की शेपूट खाली दाबली जाते, नाक उठतं आणि पंख हवेला थोड्या जास्त कोनात सामोरे जातात. धावपट्टी सोडताना विमानाचं नाक वर होतं, तेही असंच, शेपूट खाली दाबून.

दुसरी अडचण राइट बंधूंना छळून गेली. १८९९ मध्ये विल्बर राइट यांना सायकलच्या ट्यूबचं रिकामं खोकं हातात पिळताना पंख पिळण्याची कल्पना सुचली. एलेरॉनचं काम त्यांनी अख्खा पंख पिळून साधलं. पण त्यांच्या ग्लायडरचं नाक कधी कधी कललेल्या बाजूला वळायचं सोडून उलट दिशेला जाई. कारण असं, की ज्या पंखाचा उचलणारा जोर वाढतो, त्याला हवेचा अवरोधही जास्त होतो. मग तोच पंख मागे खेचला जातो आणि नाक भलतीकडे वळतं. १९०२ च्या ग्लायडरवर त्यांनी मागे हलणारा रडर बसवला आणि तो पंख पिळण्याच्या तारांनाच जोडून टाकला. रडरचं हे सावरण्याचं काम आजही तसंच चालू आहे.

ए३२० मध्ये या कामी आणखी एक मदतनीस असतो. प्रत्येक पंखाच्या पाठीवर पाच स्पॉयलर असतात. विमान कलताना खाली जाणाऱ्या पंखावरचे स्पॉयलर उघडतात. ते त्या पंखाचा उचलणारा जोर मोडतात आणि त्याच बाजूचा अवरोधही वाढवतात, त्यामुळे नाक योग्य दिशेला जायला हातभार लागतो. धावपट्टीला चाकं टेकली की दोन्हीकडचे स्पॉयलर एकदम उभे राहतात. पंखांचा जोर ओसरतो, विमानाचं वजन चाकांवर येतं आणि ब्रेक नीट लागतात.

उतरण्याआधी पंखाच्या मागून फ्लॅप आणि पुढून स्लॅट बाहेर सरकताना दिसतात. वेग निम्मा झाला तर त्याच कोनात असलेल्या पंखाचा जोर चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणून कमी वेगात पंख मोठा आणि जास्त बाकदार करावा लागतो. फ्लॅप ते काम करतात, तर स्लॅटमागच्या फटीतून येणारी हवा पंखाच्या पाठीवरचा प्रवाह सुटू देत नाही.

ही पाती हलवायला हायड्रॉलिक तेलाचा दाब लागतो. ए३२० मध्ये त्याच्या तीन स्वतंत्र यंत्रणा आहेत. वैमानिकाची दांडी पात्यांना थेट जोडलेली नसते. ती संगणकाला आज्ञा देते आणि कोणतं पातं किती हलवायचं ते संगणक ठरवतो. ३३ अंशांपर्यंतच्या कलाला नाक किती उचलायचं, हेही तोच पाहतो.

ही पातीच निकामी झाली तर काय होतं, ते १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत दिसलं. युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाचं शेपटीतलं इंजिन फुटलं. त्याच्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या. कॅप्टन अल हेन्स यांच्या हाती उरली दोन पंखांखालची इंजिनं. एकाची ताकद वाढवायची, दुसऱ्याची कमी करायची, की विमान थोडं वळायचं. दोन्हींची वाढवली की नाक उठायचं. त्या विमानातून प्रवास करत असलेले प्रशिक्षक वैमानिक डेनी फिच यांनी थ्रॉटल सांभाळले. अशा रीतीने त्यांनी सू सिटीची धावपट्टी गाठली. पण फ्लॅप उघडता येत नव्हते, म्हणून वेग ताशी सुमारे ४०० किलोमीटरच्या खाली आणता आला नाही. टेकताना नाक सावरायला एलिव्हेटर नव्हता, कल मोडायला एलेरॉन नव्हते. उजवा पंख आधी जमिनीला लागला आणि विमान उलटून मोडलं. २९६ जणांपैकी १८४ वाचले. इंजिनांच्या ताकदीवर विमान धावपट्टीपर्यंत आणता आलं, पण शेवटच्या काही सेकंदांत जी बारीक, झटपट सुधारणा लागते, ती फक्त या पात्यांनाच जमते.